निजेला धोंडा आणि शंभर रात्रींची गादी

॥ श्रीपांडुरंग प्रसन्न ॥

सज्जनहो, आपल्या वाडवडिलांनी अंथरुणाविषयी दोन म्हणी सांगून ठेवल्या आहेत. एक, ‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’. दुसरी, ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’. पहिली देहाला सांगितली आहे आणि दुसरी मनाला. भूक खरी असेल तर कोंडाही गोड लागतो. श्रम खरे असतील तर उशाला दगडही चालतो. परंतु पायाची लांबी किती आणि अंथरुणाची किती, हे मात्र आधी पाहिलेच पाहिजे. या दोन म्हणींच्या आधाराने आज एका अगदी प्रापंचिक गोष्टीचे चिंतन करू. ती गोष्ट म्हणजे गादी; आणि तीही दुकानात जाऊन नव्हे, हातातल्या फोनवर पाहून मागवलेली.

कोणी म्हणेल, ‘महाराज, कीर्तनकाराने नाम सांगावे, हा गादीचा बाजार कशाला मांडला?’ त्याचे कारण सांगतो. मध्यंतरी एका गावी कीर्तन आटोपल्यावर एक गृहस्थ नमस्काराला आले. गळ्यात तुळशीची माळ, डोळे मात्र तांबारलेले. म्हणाले, “महाराज, आईची कंबर धरते. तिच्यासाठी गादी घ्यायची आहे. तीन आठवडे झाले, रोज रात्री बारा-एक वाजेपर्यंत फोनवर गाद्या पाहतो. एक चांगली वाटावी तो दुसरी तिच्यापेक्षा चांगली दिसते. ठरतच नाही.” मी विचारले, “आई आज कशावर निजते?” ते खाली पाहून म्हणाले, “जुन्याच गादीवर.” पाहा बरं! झोपेसाठी गादी, आणि गादीसाठी झोप गेली. लेकाची गेली ती गेलीच, पण जिच्यासाठी हा खटाटोप, तिची कंबर तीन आठवडे तशीच दुखते आहे. म्हणून हा विषय हाती घेतला.

आता पूर्वपक्ष असा. श्रीमद्भागवताच्या दुसऱ्या स्कंधात श्रीशुकाचार्यांनी शय्येची खटपटच व्यर्थ ठरवली आहे. भूमी अंथरलेलीच आहे, असा त्यांचा रोख आहे. मग वारकऱ्याला गादी कशाला? यावर सिद्धांत असा की, शास्त्रवचन कोणी, कोणाला, कोणत्या वेळी सांगितले हे पाहून लावावे. सांगणारे शुक, जन्मतःच विरक्त. ऐकणारा परीक्षिती, ज्याच्या आयुष्याचे सात दिवस उरले आहेत. ते वचन स्वतःच्या सुखाची हाव आवरण्यासाठी आहे. लेकाने ते आईच्या दुखऱ्या कंबरेला लावू नये! आपला विरक्तपणा दुसऱ्याच्या हाडांवर करायचा नसतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी योग्याचे आसनसुद्धा फार उंच नको, फार सखल नको, असे मोजून सांगितले. झोप आणि जागरण दोन्ही बेताचे ठेवायला सांगितले. देह हे भजनाचे साधन आहे. टाळाची दोरी तुटली तर आपण ती बदलतो ना? तसेच हे.

तेव्हा गादी घ्यावी, यात दोष नाही. दोष कुठे शिरतो ते पाहा. पाठशाळेत तर्कसंग्रह घोकणारा मुलगाही सांगेल की स्पर्श हा त्वचेचा विषय. डोळ्याला रंग कळतो, रूप कळते. मऊ की कठीण हे डोळा जाणूच शकत नाही. गादी ही तर सर्वस्वी त्वचेने जाणायची वस्तू, आणि आपण ती डोळ्याने विकत घेतो. फोनवर दिसते ती शुभ्र चादर, खिडकीतून आलेले ऊन, हसतमुख जोडपे. त्यात गादी किती? मग प्रत्यक्ष नाही म्हणून आपण शब्दप्रमाणाकडे वळतो, म्हणजे लोकांचे अभिप्राय वाचतो. परंतु नैयायिक म्हणतात, शब्द प्रमाण होतो तो आप्ताचा; ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि जी जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे त्याचा. गादी मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी पाच तारे देणारा हा आप्त नव्हे. त्याला अजून वस्तूच ठाऊक नाही. सहा महिने, वर्ष निजून ज्याने लिहिले, मधोमध खड्डा पडला की नाही हे सांगितले, त्याचे चार शब्द वाचावेत. तारे मोजू नयेत.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. पिंजारी आपली धनुकली खांद्यावर टाकून दारी येई. तातेचा टणत्कार झाला की आळीतली पोरे गोळा होत. कापूस आपल्या डोळ्यांदेखत पिंजला जाई, खोळीत भरला जाई, दाभणाने टाके पडत. आजी बसल्या जागेवरून हात दाबून सांगे, ‘अजून शेरभर घाल रे बाबा.’ कापूस दोन-चार वर्षांनी बसला, गोळे झाले, की तोच पुन्हा पिंजून घ्यायचा. ज्याच्या गावात अजून असा कारागीर आहे त्याने त्याच्याकडे अवश्य जावे. पण पुष्कळ ठिकाणी तो राहिला नाही, हेही खरे. आज गादी येते ती खोक्यातून, हवा काढून, गुंडाळून. उघडली की फुगते. पुरती फुगायला कंपनीप्रमाणे एक ते तीन दिवस लागतात. वास असतो तो हवेशीर खोलीत निघून जातो.

आत काय असते ते जाणून घ्यावे, म्हणजे नावांना भुलणे होत नाही. नारळाच्या काथ्याची गादी कठीण असते, स्वस्त पडते, कालांतराने दबते. साधा फोम हलका. त्याची ‘घनता’ सांगतात, म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन किती किलो. घनता जास्त असली तर फोम सहसा अधिक टिकतो. पण घनता म्हणजे कडकपणा नव्हे, या दोहोंत गफलत करू नये. लॅटेक्स हे रबराच्या झाडाच्या चिकापासूनही करतात. ते लवचिक असते पण महाग. आणि ज्याचा फार गाजावाजा आहे तो ‘मेमरी फोम’. तो १९६६ साली अमेरिकेच्या नासा या अंतराळ संस्थेसाठी, विमानातील आसनांच्या कामी निर्माण झाला. अंगाच्या उबेने तो मऊ होतो आणि देहाला आत घेतो. कोणाला ते सुखाचे वाटते. पण आपल्याकडच्या वैशाखात तो उकडतो, आणि म्हाताऱ्या माणसाला त्यातून कूस बदलणे जड जाते.

आता कंबरेविषयी. आपल्यात समज आहे की पाठ दुखते त्याने फळीवर निजावे. जेवढे कठीण तेवढे गुणकारी. स्पेनमधील वैद्यांनी ३१३ पाठदुखीच्या रुग्णांना दोन प्रकारच्या गाद्या देऊन पाहिले. तो अभ्यास २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. अगदी कडक गादीवर निजणाऱ्यांपेक्षा मध्यम कडक गादीवर निजणाऱ्यांना अधिक आराम पडला. म्हणजे फार उंच नको, फार सखल नको, हाच न्याय इथेही आला. अर्थात पायाला मुंग्या येत असतील, दुखणे नवे किंवा वाढते असेल, तर गादी पुढे, आधी डॉक्टर.

मापाचेही तसेच. तयार गाद्यांची लांबी बहुधा ७२, ७५ किंवा ७८ इंच असते. गावच्या सुताराने घडवलेली खाट यांतल्या कोणत्याच मापाची नसेल. म्हणून चौकटीच्या आतून टेपाने मोजावे, इंचात लिहून ठेवावे, मग मागणी नोंदवावी. आणि एक माप कोणी घेत नाही, ते सर्वांत महत्त्वाचे. गादी घातल्यावर खाटेची उंची किती होईल? म्हातारे माणूस काठावर बसले की त्याची दोन्ही पावले जमिनीला टेकली पाहिजेत. ‘अंथरूण पाहून’ म्हणतात ते हे! पाय पसरण्याच्या आधी पाय टेकण्याचा विचार.

यावरून एक हकीकत सांगतो. साताऱ्याकडे एका घरी उतरलो होतो. मुलगा भला, कमावता. त्याने आईसाठी फोनवरून आठ इंची, लोण्यासारखी मऊ गादी मागवली होती. पहाटे काकड्याला उठलो तो पाहतो, गादीवर चादर ताणून घातलेली, सुरकुतीसुद्धा नाही. आणि माउली खाली फरशीवर वाकळ टाकून निजलेली. मुलगा कष्टी होऊन म्हणाला, “महाराज, एवढे पैसे घातले, पण तिला कदर नाही.” मी माउलीजवळ बसलो. पुष्कळ वेळाने ती हळूच बोलली, “कदर कशी नाही हो? पण त्यात रुतायला होतं. रात्री उठायचं म्हटलं की पोराला हाक मारावी लागते. दिवसभर राबून आलेला तो. त्याची झोप मोडू नये म्हणून खाली निजते. त्याला सांगू नका, त्याचे पैसे वाया गेले असं वाटेल.”

श्रोतेहो, विचार करा. मुलाने आईवर प्रेम केले, पण विचारले नाही. आईने मुलावर प्रेम केले, पण सांगितले नाही. मधे ती गादी दोघांच्या मायेची भिंत होऊन पडली. मी मुलाला एवढेच म्हणालो की, “अरे, परत देता येते का पाहा.” त्या कंपनीने शंभर रात्री वापरून पाहण्याची मुभा दिली होती, चाळीसच झाल्या होत्या. ती परत गेली, पाच इंची मध्यम आली. पण या वेळी त्याने आईला शेजाऱ्याच्या घरी नेऊन तसल्या गादीवर निजवून, उठवून, विचारून मग मागवली. हे खरे प्रत्यक्षप्रमाण!

शंभर रात्रींची मुभा म्हणूनच चांगली. परंतु अटी आधी वाचाव्यात. रात्री कोणत्या दिवसापासून मोजतात, न्यायला माणूस येतो की आपण पाठवायची, पैसे पूर्ण मिळतात की काही कापतात, आपल्या गावापर्यंत ही सोय आहे की नाही. उघडलेली गादी पुन्हा त्या खोक्यात जात नाही, हे ध्यानात असू द्यावे.

आता बाजाराची माया. किंमत मोठी लिहून तिच्यावर काट मारायची; बाजूला उलटे चालणारे घड्याळ ठेवायचे, ‘दोनच शिल्लक’ म्हणायचे. उद्या पाहावे तो तेच घड्याळ पुन्हा सुरू! दोरीवरचा साप जसा उजेड आणल्यावर जातो, तशी ही घाई एक रात्र थांबल्यावर जाते. सरकारनेही यावर उजेड आणला आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहिण्यास मनाई केली; तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावे असे बांधून दिले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ साली अशा तेरा फसव्या क्लृप्त्या नावानिशी सांगून निषिद्ध ठरवल्या. खोटी घाई करणे ही त्यांतलीच एक. फसगत झाल्यास १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला कळवावे. आणि हप्त्यावर गादी घेऊन महिनोन्‌महिने देण्याच्या काळजीत निजायचे असेल, तर पाठ मऊ आणि छाती जड, असा तो व्यवहार होतो.

आता उत्तररंग. भक्तराज पुंडलिक आईबापांच्या सेवेत असता साक्षात परब्रह्म दाराशी आले. त्याने चरणांवरचा हात काढला नाही. एक वीट मागे टाकली आणि देवाला थांबवले. अठ्ठावीस युगे देव थांबला आहे, असे आपण मानतो. जो देवाला थांबवू शकला, त्याचे आपण वारस. आणि आपल्याला एक उलटे घड्याळ थांबवता येऊ नये? त्यालाही एक वीट टाका, म्हणा, ‘थांब तिथे. आधी आईला विचारून येतो.’

आणि त्या विटेवरच्या देवाचे काय? आषाढी-कार्तिकीला पंढरीत देवाचा पलंग काढतात. लेकरे दूरून आली आहेत, म्हणून देव निजत नाही. रात्रंदिवस दर्शन चालते. पण त्याच वेळी देवाच्या पाठीशी कापसाचा मऊ लोड देतात, रुक्मिणीमातेला तक्या देतात, उभे राहून शीण होऊ नये म्हणून. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, नित्योपचार सुरू होतात, पलंग पुन्हा येतो. सज्जनहो, या एका आचारात सगळे आले. स्वतःचे अंथरूण दुसऱ्यासाठी सोडता यावे, हा देवाचा गुण. आणि जो आपल्यासाठी उभा राहिला त्याच्या पाठीला लोड द्यावा, हा भक्ताचा गुण. घरातली म्हातारी माणसे आपल्यासाठी अशीच उभी राहिली आहेत. त्यांच्या पाठीचा विचार म्हणजे ही लोडाची सेवाच होय.

स्वतःपुरते म्हणाल, तर वारीत आपण सारे अनुभवतोच. दिवसभर चालून शाळेच्या ओसरीवर, ट्रकखाली, घोंगडी टाकली की डोळा लागतो. तिथे निवड नसते, म्हणून तळमळही नसते. घरी ही तळमळ आवरायची असेल तर निवडीला हद्द घालावी. कोणासाठी, किती मापाची, किती रुपयांपर्यंत, हे तीन ठरवून कागदावर लिहावे. चार गाद्या पाहाव्यात, पाचवी पाहू नये. दिवसा पाहाव्यात, रात्री पाहू नयेत. एकदा मागवली की त्या बाजारात पुन्हा डोकावू नये. फोन खाली ठेवावा, आईचे पाय चार घटका चेपावेत, नाम घेत निजावे. ती झोप खोक्यातून येत नाही, आणि ती कोणाला परतही करावी लागत नाही.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!