शुद्ध हरपते तेव्हा साक्षी कोण?

'डीसीएस वर्ल्ड'सारख्या सिम्युलेटरमध्ये लढाऊ विमानाची स्टिक जोरात मागे ओढली, की पडद्याच्या कडा काळवंडतात, मधला उजेड आक्रसतो आणि शेवटी सगळं काळं होतं. सरावलेला खेळाडू स्टिक सैल सोडतो, दिसू लागेपर्यंत थांबतो. जालन्यात संगणकापुढे बसलेला मुलगाही हे चार दिवसांत शिकेल. पण तो अंधार त्याला दिसत असतो. खऱ्या विमानात शुद्ध गेलेल्या वैमानिकाला अंधारही दिसत नाही, आणि वेदान्ताचा एक जुना प्रश्न इथेच अडतो.

आधी शरीराचं पाहू. तीव्र वळणात वैमानिकाचं वजन नऊपटीपर्यंत वाढतं आणि रक्त पायांकडे ओढलं जातं. दर एका 'जी'मागे (म्हणजे वजनाइतक्या प्रत्येक वाढीव भारामागे) डोळ्यांच्या पातळीवरचा रक्तदाब साधारण २२ मिलिमीटरने घटतो. डोळ्याच्या आत स्वतःचा दाब असल्याने रक्त आधी तिथलं तुटतं, मेंदूचं नंतर. म्हणून दिसेनासं झालं तरी शुद्ध असते. तेवढ्यात मांड्या, पोटऱ्या, पोट आवळायचं, श्वास कोंडायचा, दर तीनेक सेकंदांनी झटकन बदलायचा. पण भार एकदम आला तर ही पूर्वसूचनाही मिळत नाही. मेंदूकडची प्राणवायूची शिल्लक जेमतेम ४ ते ६ सेकंदांची; ती संपली, की शुद्ध जाते.

अमेरिकी संशोधक जेम्स व्हिनरी यांनी सेंट्रिफ्यूजमधल्या, म्हणजे माणसाला गरगर फिरवून असा भार देणाऱ्या यंत्रातल्या बेशुद्धीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. सुमारे १२ सेकंद माणूस पूर्ण बेशुद्ध, पुढे जवळपास तितकाच वेळ गोंधळलेला. हातपाय झटके देतात, काहींना छोटी स्वप्नं पडतात. आणि कित्येक जण ठामपणे सांगतात, मी बेशुद्ध झालोच नव्हतो.

आता वेदान्ताचा तो जुना प्रश्न. गाढ झोपेतून उठलेला माणूस म्हणतो, छान झोप लागली, काही कळलं नाही. वेदान्ती विचारतात, कळलं नाही हे कुणाला कळलं? अनुभवाशिवाय आठवण नाही, म्हणजे झोपेतही पाहणारा, साक्षी होता. न्यायदर्शनाच्या अनुयायांना, नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते ती आठवण नव्हे, उठल्यावर काढलेलं अनुमान आहे.

मूर्च्छेचा प्रश्नही आपल्या आचार्यांनी टाळलेला नाही. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात त्यावर स्वतंत्र सूत्र आहे. भाष्यात शंकराचार्य झोपलेला आणि मूर्च्छित यांना शेजारी ठेवून न्याहाळतात. झोपलेल्याचा चेहरा प्रसन्न, श्वास एका लयीत, डोळे मिटलेले. मूर्च्छिताचं अंग कापतं, चेहरा भेसूर, डोळे सताड उघडे. एक हाताने हलवल्यावर उठतो, दुसरा मुद्गराच्या घावानेही नाही. निर्णय असा, की मूर्च्छा ही झोपेशी अर्धीच जुळणारी अवस्था. सेंट्रिफ्यूजमधल्या थरथरत्या देहाशी हे निरीक्षण किती जुळतं!

मात्र भाष्यातला मूर्च्छित शुद्धीवर आल्यावर निदान एवढं सांगतो, की मी घोर अंधारात होतो. कित्येक वैमानिकांकडे तेवढीही आठवण नसते. २०१६ मध्ये अमेरिकेत एका एफ-१६ विमानाचा शिकाऊ वैमानिक असाच बेशुद्ध झाला आणि विमान जमिनीकडे झेपावलं. दुसऱ्या विमानातून प्रशिक्षक ओरडत होता. विमानातल्या स्वयंचलित यंत्रणेनेच ते वर उचललं, वैमानिक वाचला. अशा वेळी आपण बेशुद्ध होतो हे माणसाला नोंदींवरून, इतरांच्या सांगण्यावरून मानावं लागतं. इथे नैयायिकांची बाजू जड आहे, हे प्रामाणिकपणे कबूल करायला हवं. आठवणीच्या बळावर साक्षी सिद्ध करणाऱ्यांना या १२ सेकंदांत धरायला काहीच मिळत नाही.

म्हणून साक्षीचा विचारच मोडीत निघतो का? जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांची भूमिका इथे अधिक टिकाऊ वाटते. दासबोधाच्या पाचव्या दशकात शुद्ध ज्ञान सांगताना ते जागृती, स्वप्न, झोप यांपलीकडच्या सर्वसाक्षी अशा तुर्यावस्थेलाही अंतिम मानत नाहीत. लोक तिला ज्ञान म्हणतात, समर्थांच्या लेखी तेही पदार्थज्ञानच. जिथे काही जाणायचं उरलं आहे, तिथे जाणणाराही वेगळा उरला आहे. हा भेदच जिथे नाही, त्या शुद्ध ज्ञानाला वैमानिकाच्या आठवणीची साक्ष लागत नाही, आणि तिच्या अभावाने ते खोटंही ठरत नाही. अर्थात बेशुद्धी म्हणजे समाधी नव्हे. मेंदूचं रक्त तुटल्याने जाणणं बंद पडलं, तर त्यातून अज्ञानही फिटत नाही आणि आत्मज्ञानही होत नाही.