कव्हरच्या आतली रेघ

गेल्या वर्षी दिवाळीनंतर वर्ध्याला घरच्या अंगणात मी बाबांच्या जुन्या डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट आणि त्यामागचं ऑइल सील बदललं. गाडी वीस वर्षांची. रात्री तिच्याखाली पेपर अंथरला की सकाळी त्यावर काळे ठिपके. बाबा आता गाडी चालवत नाहीत, मी पुण्याला असतो, म्हणून विकायचं ठरलं. घेणारे शेजारचे गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. भाव ठरला ८५ हजार. अट एकच : तेल गळणं थांबवून द्यायचं.

गाडीच्या आतलं तुम्ही कधी पाहिलं नसेल, तर आधी थोडं सांगतो. इंजिनात खाली क्रँक फिरतो आणि वर कॅम. क्रँक पिस्टन वरखाली करतो, कॅम व्हॉल्व्ह उघडतो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एकच झाला पाहिजे. आमच्या गाडीत हा हिशोब एक दातेरी रबरी पट्टा सांभाळतो, तोच टायमिंग बेल्ट. पट्टा तुटला किंवा दात सोडून सरकला, की वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात आणि खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जातो. पट्टा तुटण्याआधी बहुतेक वेळा काही सांगतही नाही.

क्रँकचं टोक इंजिनाबाहेर येतं तिथे तेल अडवायला ऑइल सील असतं. रबराचं कडं, आतून पातळ ओठ, त्या ओठाला आवळून धरणारी बारीक स्प्रिंग. दुकानात ते काहीशे रुपयांना मिळतं. पण ते गळलं तर तेल पट्ट्यावर जातं, आणि तेलानं रबर फुगतं, कमजोर होतं. म्हणजे स्वस्तातल्या कड्यावर अख्खं इंजिन टांगलेलं असतं.

जुनं सील निघेना. मी पेचकस घालून उचकटायला गेलो आणि तो सटकला. सील निघालं, पण क्रँकवर एक रेघ उमटली. बारीकच, पण नख फिरवलं तर अडेल एवढी. आणि जिथे नव्या सीलचा ओठ टेकणार, नेमकी तिथे.

जमेल ते केलं. बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून रेघेवर फिरवला. नवं सील जुन्यापेक्षा किंचित आत बसवलं, म्हणजे ओठ रेघेच्या खोल भागावर येणार नाही. मग पट्टा चढवला, खुणा जुळवल्या, पान्यानं क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासल्या. इंजिन चालू केलं. अर्धा तास, तासभर, एक थेंब नाही. कव्हर लावलं. रेघ दिसेनाशी झाली.

संध्याकाळी गुरुजी आले. बोनेटमध्ये डोकावले आणि खूश झाले. "सोताच्या हातानं केलं ना तुनं? मंग झालं. मिस्त्रीकडं टाकली असती तर मले भरवसा नसता."

त्या एका वाक्यानं मी अडकलो. स्वतःच्या हातानं केलेलं काम म्हणजे सचोटीचं काम, हे आमच्या जिल्ह्यात हवेतच आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. पुढे झाकीर हुसेन समितीनं आराखडा केला आणि नई तालीम उभी राहिली : मुलांनी हातानं काम करत शिकावं. आमच्या पिढीला 'स्वावलंबन' हा शब्द मुख्यतः शाळेच्या भिंतीवर भेटला, पण त्यावरचा विश्वास घराघरांत उतरला आहे. गुरुजी त्याच विश्वासानं बोलत होते. आणि रेघ तर माझ्याच हातानं उमटली होती.

मिस्त्रीकडे काम दिलं असतं तर बिल असतं, भांडायला माणूस असता. घरी काम करणारा मी, तपासणारा मी, आणि चूक माहीत असलेलाही एकटा मीच. स्वावलंबनानं माणूस आपोआप प्रामाणिक होत नाही. त्यात साक्षीदार तेवढा कमी होतो.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये ग्लॉकन एक गोष्ट सांगतो. एका मेंढपाळाला अंगठी सापडते. तिचा खडा आत वळवला की तो कुणाला दिसत नाही. मग ग्लॉकन विचारतो, अशी अंगठी मिळाल्यावर कोण नीतीनं वागेल? मला अंगठी लागली नाही, प्लॅस्टिकचं कव्हर आणि काही बोल्ट पुरले.

पण मला छळत होता तो प्रश्न जरा वेगळा होता. चूक दिसते की नाही, यापेक्षा ती कुणाच्या अंगावर येते? चरख्यावर हात चुकला तर धागा तिथेच, कातणाऱ्याच्याच बोटांत तुटतो. चूक ज्याची त्याला लगेच परत मिळते. हातकामानं माणूस शिकतो याचं मोठं कारण हेच असावं. इंजिनात तसं नाही. माझी रेघ कदाचित कधीच त्रास देणार नाही. कदाचित सहा महिन्यांनी, गुरुजी गुरुमाउलींना घेऊन हिंगणघाटच्या रस्त्यावर असताना देईल. यंत्राला न्याय कळत नाही. चूक ज्यानं केली त्याला ते शोधत येत नाही, जो बसलेला असेल त्याला गाठतं.

चरख्याचंही पूर्ण चित्र एवढं सोपं नाही. कच्चं सूत कातणाऱ्याच्या हातून निसटून पुढे गेलं, तर ते विणकराला मागावर छळतं. म्हणून तर सुताचा अंक आणि मजबुती तपासावी लागते. काम एका हातातून दुसऱ्या हातात गेलं की चूकही सोबत जाते. आज तुम्ही-मी करतो ती बहुतेक कामं अशीच आहेत. कुणी ॲपचा कोड लिहितो, कुणी घराची वायरिंग करतो, कुणी औषधाच्या बाटलीवर लेबल लावतो. आपली रेघ कुठे उमटली ते आपल्याला माहीत असतं, आणि ती भोगणारा माणूस आपल्याला भेटतही नाही.

अशा वेळी चूक न करणं आपल्या हातात नेहमी नसतं. पेचकस सटकतो. ती माहिती चुकीसोबत पुढे पाठवणं मात्र हातात असतं. ती लपवली, तर समोरच्याचा सावध राहण्याचा हक्कच आपण काढून घेतो.

पुन्हा जोडताना गडबड नको म्हणून मी प्रत्येक टप्प्याचा फोटो काढला होता. रेघेचाही होता. रात्री गॅलरीत तो बराच वेळ बघत बसलो. पुसायला एक सेकंद लागला असता, आणि पुण्यातल्या नव्या खोलीच्या डिपॉझिटला ८५ हजारांतलेच पैसे जायचे होते.

सकाळी तो फोटो गुरुजींना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"हे काल काऊन नाही सांगितलं?"

"हिंमत नाही झाली."

"अन् तू पुण्याला गेल्यावर हे कोण पाहीन?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते घरी गेले. दोन दिवस आले नाहीत. बाबा माझ्याशी धड बोलले नाहीत, फक्त एवढं म्हणाले, "सांगायचंच होतं, तर भाव ठरायच्या आधी करायचं होतं काम." तिसऱ्या दिवशी गुरुजी ७० हजार घेऊन आले. सोबत एक चिठ्ठी होती, त्यांच्या शाळेतल्या अक्षरात : तारीख, किलोमीटरचा आकडा आणि खाली 'क्रँकवर सीलजवळ रेघ आहे, पट्ट्यावर लक्ष ठेवणे'. ती त्यांनी बोनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली. गाडी पुढे कुणाला विकली तरी चिठ्ठी तिथेच राहील, म्हणाले.

दर महिन्याला ते रात्री गाडीखाली पेपर अंथरतात आणि सकाळी मला त्याचा फोटो पाठवतात. गेल्या महिन्याच्या फोटोत एका कोपऱ्यात बारीक ठिपका आहे. तेलाचा की वरच्या कडुनिंबाचा, फोटोवरून कळत नाही. शनिवारी वर्ध्याला जातोय. गोटी पान्याचा सेट बॅगेत टाकलाय, एक नवं सीलही.