चिठ्ठीचा कौल आणि देवाचे मार्गदर्शन



आपल्या अहेरी-सिरोंचा भागातील माणसे मिरची तोडण्यासाठी टोळ्याटोळ्यांनी तेलंगणात जावयास निघतात, त्या दिवसांत एका मंडळीतील एक गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांचा थोरला मुलगा बारावीची परीक्षा सोडून टोळीबरोबर जावयास निघाला होता. घरी कर्ज होते. मुलास शिकविण्याची इच्छाही होती. बापाने प्रार्थना केली, एका चिठ्ठीवर 'जा' व दुसरीवर 'राहा' असे लिहून त्या दोन्ही पवित्र शास्त्रात ठेवल्या आणि धाकट्या मुलीच्या हातून एक काढविली. 'जा' अशी चिठ्ठी निघाली. तरी त्यांचे मन स्वस्थ होईना. "पाळकसाहेब," ते म्हणाले, "देवाने एकदा सांगितल्यावर पुन्हा विचारणे पाप आहे काय?"

आम्ही उलट विचारले, "चिठ्ठी 'राहा' अशी निघाली असती, तर मन स्वस्थ झाले असते काय?" ते थोडा वेळ गप्प राहिले व मग म्हणाले, "नाही. मग कर्जाची काळजी लागली असती."

हा प्रकार एकाच घरचा नाही. कोणी चिठ्ठ्या टाकतो; कोणी डोळे मिटून शास्त्र उघडतो व बोट पडेल ते वचन देवाची आज्ञा समजतो; कोणी स्वप्नाची वाट पाहत हातचे काम टाकून बसतो. ह्यांस हसण्याचा आमचा हेतु नाही. पेरणी, सोयरीक, दुखणे, प्रवास, ह्यांतील काहीही करण्यापूर्वी कौल घ्यावा, ही आपल्या वाडवडिलांची रीत होती. कोणी दाणे मांडून पाहत, कोणी देवावरचे फूल कोणत्या बाजूस पडते ते पाहत. आपण ख्रिस्ताकडे आलो तेव्हा जुने देव मागे राहिले. परंतु विचारण्याची जुनी रीत मात्र आपल्या गाठोड्यात बांधली जाऊन बरोबर आली. आता प्रश्न असा की, देवाच्या ज्ञानावर भरवसा ठेवणे म्हणजे हेच काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस पुस्तकातून मिळण्यापूर्वी आमच्याच एका अपराधातून मिळाले. सुमारे १२ वर्षांपूर्वी, श्रावणात, आम्ही नाल्यापलीकडील एका खेड्यात मंडळीच्या भेटीस गेलो होतो. तेथे एका विश्वासी कुटुंबातील चार वर्षांचे मूल तीन दिवस थंडीतापाने पडले होते. त्या सायंकाळी ते असंबद्ध बडबडू लागले. बापाने विचारले, "रात्रीच खाटेवर घालून अहेरीच्या दवाखान्यात न्यावे काय?" पाऊस थांबला होता व नाल्याचे पाणी गुडघ्याखाली उतरले होते. परंतु आम्ही विश्वासात बलवान दिसू इच्छीत होतो. आम्ही शास्त्र उघडले. ज्या वचनावर दृष्टि पडली, त्यात शांत राहून देवाचे कार्य पाहण्याविषयी सांगितले होते. आम्ही म्हणालो, "आजची रात्र थांबा, आपण प्रार्थना करू."

पहाटेपूर्वी मूल बेशुद्ध झाले. चार तरुणांनी खाट उचलली, नाला ओलांडून सडक गाठली व तेथून जीपने दवाखाना गाठला. हिवताप मेंदूत गेला होता. देवाच्या दयेने मूल वाचले. परंतु त्याचा उजवा हात अधू राहिला, तो आजही तसाच आहे. पुढील रविवारी मंडळीत साक्ष झाली की, पाळकाच्या प्रार्थनेने मूल वाचले. आम्ही ती ऐकली आणि गप्प राहिलो. देवाची दया खरी होती. आमचे मौन खोटे होते.

कित्येक महिन्यांनी आम्ही त्या बापापुढे आपला दोष कबूल केला. त्याचे उत्तर आम्ही विसरलो नाही. तो म्हणाला, "पाळकसाहेब, त्या रात्री मलाही नाल्यात उतरावयाची भीति वाटत होती. तुम्ही थांबा म्हणालात ते मला बरे वाटले."

त्या दिवशी कौलाचे खरे रहस्य आम्हांस कळले. मनुष्य कौल मागतो तो देवाची इच्छा जाणण्यासाठी थोडा, आणि आपल्या माथ्यावरील निर्णयाचे ओझे दुसऱ्यावर टाकण्यासाठी फार. काम फसले तर 'आम्ही काय करणार, देवानेच सांगितले होते' असे म्हणावयास तो मोकळा राहतो. बापाच्या भीतीने आमच्या वचनाचा आश्रय घेतला, व आमच्या अभिमानाने शास्त्राचा. देवाची इच्छा कोणती हे त्या रात्री आम्हा दोघांपैकी एकानेही खऱ्या मनाने विचारले नाही. ती तर खाटेवर आमच्या डोळ्यांपुढे पडली होती.

शास्त्रातील एखादे वचन संदर्भावाचून उचलून त्याच्या आधारे धाडस करावे किंवा कर्तव्य टाळावे, ही युक्ति नवी नाही. मत्तयाच्या चवथ्या अध्यायात मंदिराच्या शिखरावर सैतानाने प्रभूपुढे हीच युक्ति केली. त्यानेही शास्त्रवचनच पुढे केले होते. प्रभूने ते मानले नाही, कारण पित्यावर भरवसा ठेवणे निराळे व पित्याची परीक्षा पाहणे निराळे. हिज्कीया राजाचेही उदाहरण पाहा. त्याचे आयुष्य वाढविण्याचे अभिवचन देवाने दिले होते. तरी त्याच यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप बांधण्यास सांगितले. अभिवचन मिळाले म्हणून औषध अनावश्यक झाले नाही, आणि औषध लाविले म्हणून अभिवचन खोटे ठरले नाही.

येथे कोणी उपदेशक बंधु म्हणेल, "नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात तर स्वतःच्या बुद्धीवर टेकू नये असे शिकविले आहे, आणि चिठ्ठ्या तर प्रेषितांनीही टाकल्या." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून दोन्हींचा नीट विचार करू. बुद्धीवर टेकू नये म्हणजे बुद्धि टाकून द्यावी असे नव्हे. तेच नीतिसूत्रांचे पुस्तक आळशी मनुष्यास मुंगीकडे पाहून शहाणा हो असे सांगते, आणि पुष्कळांच्या मसलतीने बेत सिद्धीस जातात असेही शिकविते. काठी हातात धरून नाला ओलांडावयाचा असतो. परंतु सर्व भार काठीवर टाकणारा पडतो. तसेच बुद्धीचे आहे.

आता चिठ्ठ्या. यहूदाच्या जागी मनुष्य निवडताना प्रेषितांनी आधी विचार केला की, प्रभूबरोबर आरंभापासून कोण होते. त्यांतून दोन योग्य पुरुष निवडले. आणि मगच चिठ्ठ्या टाकल्या. ही गोष्ट पवित्र आत्मा उतरण्यापूर्वीची आहे. पेन्टेकॉस्टनंतर प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्याचे कोठेही वर्णन नाही. गिदोनाच्या लोकरीविषयीही हेच ध्यानात ठेवावे. काय करावयाचे ते देवाने त्यास आधीच स्पष्ट सांगितले होते. तरी मन डळमळत होते म्हणून त्याने खूण मागितली, आणि दुसऱ्यांदा मागताना देवाने रागावू नये अशी विनवणीही केली. देवाने त्याची दुर्बलता सोसून घेतली. सोसून घेतलेली दुर्बलता पुढच्यांस कित्ता होत नाही.

मार्गदर्शन खरोखर कसे मिळते, हे पाहावयाचे असल्यास प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय वाचावा. पौल व त्याचे सोबती आशियाकडे जाऊ लागले, तेथे मज्जाव झाला. बिथुनियाकडे वळले, तेथेही वाट बंद झाली. असे करीत ते त्रोवसास पोहोचले. तेथे पौलास रात्री मासेदोनियातील मनुष्याचे दर्शन झाले. तेव्हाही सर्वांनी मिळून त्याचा अर्थ लाविला व मग निघाले. चालणे, अडखळणे, मागे वळणे, एकमेकांशी विचार करणे, हे सर्व मार्गदर्शनातच मोडते. आणि त्या योग्य मार्गाने ते कोठे गेले? फिलिप्पै शहरी, तेथे त्यांस फटके बसले व तुरुंगात खोड्यात अडकावे लागले.

आपल्या महाराष्ट्रातील पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. त्यांनी १८८९ साली मुंबईस शारदा सदन काढले व पुढील वर्षी ते पुण्यास नेले. संस्थेस स्वतःचे काही उत्पन्न असावे, अशा साध्या व्यवहारी विचाराने त्यांनी केडगाव येथे फळबागेसाठी जमीन घेतली. ती घेताना आकाशातून वाणी झाली नव्हती. पुढे १८९६-९७ साली मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाईंनी तरुणपणी अन्नान्नदशेत आईबाप गमावले होते. भूक म्हणजे काय हे त्या जाणत होत्या. त्यांनी चिठ्ठी टाकली नाही. त्या स्वतः मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया त्यांनी मृत्यूच्या तोंडातून आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता. एवढ्यांस शहरात ठेवणे शक्य नव्हते. तेव्हा फळझाडांसाठी घेतलेली केडगावची जमीनच त्यांचा आसरा झाली व तेथेच मुक्ति सदन उभे राहिले. जमीन कशासाठी घेतली हे रमाबाईंस ठाऊक होते. देवाने ती कशासाठी घेवविली हे मात्र त्यांस मागाहून कळले. देवाचे ज्ञान बहुधा असेच असते. आपण आजचे कर्तव्य आजच्या प्रकाशात करावे. त्याची जोडणी तो करितो.

परंतु एवढ्यावरच थांबलो तर आम्ही तुम्हांस अर्धेच सत्य सांगितले असे होईल. शहाणपणाने व प्रार्थनापूर्वक केलेले प्रत्येक काम असे फळास येतेच असे नाही. नागपुरास १८४५ साली आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्यांनी गोंड लोकांची भाषा व रीतिभाति ह्यांचा आदराने अभ्यास केला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथे शाळा पाहण्यासाठी ते सोबत्यांच्या मागे राहिले, आणि परतताना रात्री पुराने फुगलेल्या ओढ्यात बुडून मरण पावले. ते तेव्हा अवघ्या ४५ वर्षांचे होते. त्यांस देवाने सोडले होते काय? असे म्हणणारे ईयोबाच्या मित्रांच्या पंक्तीस बसतात. त्यांनी गोंडांविषयी लिहून ठेवलेले कागद १८६६ साली प्रसिद्ध झाले, व १८८३ साली स्थापन झालेल्या नागपूरच्या कॉलेजास त्यांचे नाव आहे; तथापि तेवढ्याने त्या रात्रीचा अर्थ उलगडतो असे आम्ही म्हणत नाही. शेवट पाहून मार्गदर्शन खरे की खोटे हे ठरविता येत नाही, एवढेच आम्ही म्हणतो. हे पुराच्या पाण्यात उतरण्यास उत्तेजन नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. आपल्या भागात पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडची वाट बंद होते, हे ठाऊक असताना पाण्यात पाऊल घालणे म्हणजे मंदिराच्या शिखरावरून उडी टाकणेच होय.

मग कोणी विचारील, "बुद्धीनेच चालावयाचे, शेवटही हाती नाही, तर अविश्वासी शहाण्या मनुष्यात व आपल्यात भेद तो काय?" भेद आहे, आणि तो मोठा आहे. कौलावर विसंबणाऱ्यास दोष येऊ नये अशी इच्छा असते. ख्रिस्तावर विसंबणाऱ्यास दोषाची क्षमा ठाऊक असते. आपला निर्णय चुकला तर आपण नाकारले जाणार नाही, हे ज्यास कळले तोच 'हे मी ठरविले, हे माझे चुकले' असे म्हणण्यास धजतो. चिठ्ठीच्या आड लपण्याची त्यास गरज उरत नाही. देवाच्या ज्ञानावर भरवसा म्हणजे निर्णयापासून सुटका नव्हे; तो निर्णय घेण्याचे बळ आहे. त्या पावसाळी रात्री आमच्याजवळ ज्ञान कमी नव्हते. हा भरवसा कमी होता.

म्हणून, उपदेशक बंधूंनो, मंडळीतील कोणी 'देवाची इच्छा काय?' असे विचारावयास आला, तर त्यास चिठ्ठी काढून देऊ नका. प्रथम त्याच्याबरोबर प्रार्थना करा. ज्यास ज्ञान उणे आहे त्याने देवाजवळ मागावे, असे याकोबाने सांगितले आहे. मग ज्याविषयी शास्त्राची आज्ञा स्पष्ट आहे त्याविषयी पुन्हा विचारू नका; कर्ज फेडावे की बुडवावे, ह्यास कौल लागत नाही. त्यानंतर ज्यास त्या गोष्टीची माहिती आहे त्यास विचारा. ताप आला असेल तर त्याच दिवशी गावच्या आशाताईकडून रक्त तपासून घ्या, आणि प्रार्थना वाटेने चालताना करा. शेवटी ज्याचा निर्णय त्यास घेऊ द्या, आणि तो फसला तरी त्याच्याजवळ उभे राहा. हे शेवटचे काम सर्वांत कठीण आहे व पाळकाचे खरे काम तेच आहे.

त्या गृहस्थांबरोबर आम्ही असेच केले. प्रार्थना करून आम्ही कर्जाचा आकडा मांडला, परीक्षेच्या तारखा पाहिल्या, मुलासही बोलावून त्याचे मन विचारले. टोळ्या एकदाच जात नाहीत, हे आम्हा सर्वांस ठाऊक होते. पण चिठ्ठीत 'जा' आणि 'राहा' ह्यांवाचून तिसरी वाट मावली नव्हती. परीक्षा देऊन मागाहून निघणाऱ्या टोळीबरोबर जावे, असे मुलानेच ठरविले. सावकारास महिनाभर थांबण्याविषयी सांगण्यास बाप स्वतः गेला. जाताना त्यांनी विचारले, "पाळकसाहेब, ही देवाची इच्छा आहे, हे नक्की ना?"

आम्ही म्हणालो, "तुम्ही प्रामाणिकपणे विचारले व प्रामाणिकपणे ठरविले, हे नक्की आहे. पुढे तो आहे, हेही नक्की आहे. ह्याहून अधिक आम्हांस कळविलेले नाही."

ते हसले व निघाले. आपणही, प्रियजनहो, एवढ्याच शिदोरीवर निघू या. आमेन.