देव न मानणारा शेजारी आणि बाराव्या अध्यायातला भक्त



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 12, श्लोक 13 ते 15.

बारावा अध्याय म्हणजे भक्तियोग. फक्त वीस श्लोकांचा, म्हणून आपल्यापैकी बऱ्याच जणांचा लहानपणापासून पाठ. तेराव्या श्लोकापासून भगवंत आपल्याला प्रिय असलेल्या भक्ताची लक्षणं सांगायला लागतात. ती कुठल्या क्रमाने सांगितली आहेत, तेवढं आज बघू.

पहिलं लक्षण: तो कोणत्याही जिवाचा द्वेष करत नाही. नंतर मैत्री, नंतर करुणा. मग ‘माझं माझं’ नाही, ‘मी मी’ नाही, सुखदुःखात मन सारखं, आणि क्षमा. मन आणि बुद्धी भगवंताला अर्पण करणं हे येतं त्याच्या पुढच्या श्लोकात. आणि पंधराव्या श्लोकात म्हटलंय, ज्याच्यामुळे लोकांना त्रास होत नाही आणि ज्याला लोकांचा त्रास होत नाही, तो मला प्रिय.

हे वाचताना एक प्रश्न सोडवत नाही. ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर, कॉलेजच्या ग्रुपवर तो हमखास निघतो. देवच मानला नाही तर माणूस नीतीने का वागेल? आणि समोरचा उलटा विचारतो, मी देव न मानता नीट वागतोच आहे, मग तुझा देव कशाला?

माझ्यापुरतं सांगायचं तर याचं उत्तर आमच्या भंडारा जिल्ह्यातच आहे.

वैनगंगेकाठचं पवनी तुम्ही ऐकलं असेल. घाट आणि मंदिरं इतकी की लोक त्याला विदर्भाची काशी म्हणतात. याच पवनीत जगन्नाथ टेकडीवर 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व विभागाने उत्खनन केलं आणि दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप उजेडात आला. म्हणजे जिथे आपण देवापुढे हात जोडतो, त्याच मातीत सृष्टिकर्त्या देवाशिवाय सदाचार शिकवणारा धम्मही तेवढाच जुना आहे.

आणि तो नुसता मातीखाली नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. नागपूर भंडाऱ्याहून साठेक किलोमीटर. आज आमच्याकडे गावोगावी विहार आहेत. तिथे पंचशील घेतात: हत्या नाही, चोरी नाही, व्यभिचार नाही, खोटं नाही, नशा नाही. कुणा देवाची आज्ञा म्हणून नाही, स्वतःच्या जबाबदारीवर. त्या दिवशीच्या 22 प्रतिज्ञांमध्ये आपण ज्यांची रोज पूजा करतो त्या देवांना न मानण्याच्या प्रतिज्ञा आहेत. भक्ताला हे बोचतं, खोटं कशाला बोला. पण त्याच 22 मध्ये प्राणिमात्रांवर दया आहे, चोरी न करणं आहे, खोटं न बोलणं आहे, दारू न पिणं आहे. बाराव्या अध्यायातली करुणा आणि ही करुणा यांत मला तरी फरक सापडत नाही.

बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात (1957) धर्मांबद्दल एक तक्रार आहे. धर्मात नीती ही मागून जोडलेल्या डब्यासारखी असते, सोय पाहून जोडता येते तशी सोडताही येते. धम्मात मात्र देवाची जागाच नीतीने घेतली आहे, असं ते मांडतात. ही तक्रार ऐकून आपल्याला राग यायच्या आधी एक तारीख आठवू.

29 सप्टेंबर 2006. मोहाडी तालुक्यातलं खैरलांजी. एका बौद्ध शेतकरी कुटुंबातल्या चौघांना, आई, मुलगी आणि दोन मुलांना, जमावाने मारून टाकलं. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवलं. कॅलेंडर काढून बघा, ते दिवस नवरात्राचे होते. घट बसलेले होते, तीन दिवसांवर दसरा होता. महाराष्ट्रभर देवीपुढे अखंड दिवे जळत होते. देवीचं पावित्र्य याने कमी होत नाही. पण ‘देव मानला की माणूस आपोआप नीतीने वागतो’ हे वाक्य त्या तारखेनंतर आम्हा भंडाऱ्याच्या माणसांना सहज उच्चारता येत नाही. डबा सुटलेला होता.

उलट बाजूही प्रामाणिकपणे मांडू. स्टालिनच्या रशियात नास्तिक राजवटीने लाखो माणसं मारली, त्यात पाद्रीही होते. म्हणजे देव नाकारला की माणूस शहाणा होतो, हेही खरं नाही. द्वेषाला देव असला काय, नसला काय, फरक पडत नाही. म्हणूनच भगवंतांनी भक्ताच्या यादीत अद्वेष पहिल्या नंबरावर ठेवला असावा, असं मला वाटतं.

विदर्भातलंच आणखी एक उदाहरण. 1944 मध्ये आंध्रातले नास्तिक कार्यकर्ते गोरा सेवाग्रामला गांधीजींना भेटले. गांधीजी रामनाम घेणारे, गोरा देव नाकारणारे. दोघेही अस्पृश्यतेविरुद्ध काम करणारे. गोरांनी आपल्या मुलीचं लग्न तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरातल्या तरुणाशी ठरवलं, तेव्हा गांधीजी ते सेवाग्रामला लावायला तयार झाले. शपथेत ईश्वराच्या जागी सत्याचं नाव घ्यायलाही त्यांनी होकार दिला. जानेवारी 1948 मध्ये त्यांची हत्या झाली. लग्न मार्चमध्ये सेवाग्रामलाच लागलं. त्या होकाराने गांधीजींचं रामनाम कुठे उणं झालं नाही.

मग आपल्या भक्तीचं काम काय?

आम्ही सॉफ्टवेअरवाले कोड दोन कारणांनी नीट लिहितो. एक, रिव्ह्यू करणारा पकडेल म्हणून. दुसरं, रात्री दोन वाजता कुणीतरी ते सॉफ्टवेअर वापरणार आहे, त्याची अडचण होऊ नये म्हणून. पहिल्या कारणाने लिहिणारा रिव्ह्यू नसेल तिथे हात आखडतो. देव म्हणजे वर बसवलेला सीसीटीव्ही, असं समजणाऱ्याची नीती या पहिल्या जातीची. देव न मानता लोकांची काळजी करणारा दुसऱ्या जातीचा. बाराव्या अध्यायाच्या यादीशी जुळतो तो हा दुसरा.

चोरी करू नये हे कळायला देव लागत नाही, शाळेतल्या पोरालाही ते कळतं. अडतं ते ‘मी’पाशी आणि ‘माझं’पाशी. माझी जात, माझं घर, माझा अपमान. हे दोन्ही तेराव्या श्लोकातच आहेत. भक्ती या गाठीवर काम करते. रोज कुणापुढे तरी डोकं टेकवलं की ते हळूहळू हलकं होत जातं. कुणाची गाठ दुसऱ्या वाटेने सुटत असेल, तर आपल्या पोटात का दुखावं? आणि वर्षानुवर्षं पूजा करूनही ती घट्टच राहत असेल, तर देवाला नावं न ठेवता आपली पूजा तपासावी.

ज्ञानोबांच्या पसायदानातही क्रम असाच आहे. जगासाठी पहिली मागणी दुष्टांचा वाकडेपणा जावा, त्यांना सत्कर्माची गोडी लागावी, जिवाजिवांत मैत्री व्हावी. सगळ्यांनी आदिपुरुषाचं भजन करावं, हे येतं सगळे सुखी झाल्यावर, शेवटाकडे. माउलींनी दुष्टांनी आधी आस्तिक व्हावं असं मागितलं नाही.

आजची साधना छोटी आहे. बारावा अध्याय म्हणताना तेराव्या श्लोकावर थांबा आणि एका माणसाचं नाव मनात आणा, जो तुमचा देव मानत नाही. वर्गमित्र, शेजारी, भाडेकरू, घरात येऊ घातलेली सून किंवा जावई, कुणीही. त्याला आपल्यामुळे त्रास होतोय का, एवढंच स्वतःला विचारा. होत असेल तर आधी तो थांबवा, मग चौदाव्या श्लोकाकडे जा.

उद्या श्लोक 16.

रामकृष्ण हरी.