ओळखीच्या पदांचे सान्निध्य

शब्द शिकणे म्हणजे नेमके काय शिकणे, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी केवळ भाषेचा म्हणून नव्हे, तर ज्ञानाचा म्हणून विचारला. कारण शब्द हे प्रमाण, म्हणजे यथार्थ ज्ञानाचे स्वतंत्र साधन, असे एकदा मानले की पद कानावर पडल्यावर अर्थ मनात कोणत्या वाटेने येतो याचे उत्तर देणे भाग पडते. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या मुंबईच्या उपनगरांतील शिकवणी वर्गांत बँकांच्या परीक्षांसाठी किंवा परदेशी विद्यापीठांतील प्रवेशासाठी प्रगत इंग्रजी शब्दसंग्रह वाढवण्याची जी पद्धत रूढ आहे, ती या प्रश्नाला नकळत एक उत्तर देत असते. या पद्धतीत शब्द अकारविल्हे न घेता विषयवार घेतले जातात. खोटेपणाचे शब्द एका जागी, गर्वाचे दुसऱ्या जागी, पश्चात्तापाचे तिसऱ्या जागी अशी त्यांची मांडणी होते आणि प्रत्येकासमोर एकेक मराठी प्रतिशब्द लिहून तो पाठ केला जातो. नॉर्मन लुईस यांचे 1949 साली प्रसिद्ध झालेले ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे या पद्धतीचे बहुधा सर्वांत परिचित पुस्तक. पद्धत फळते की नाही हा अध्यापनशास्त्राचा विषय झाला. ती कशाच्या बळावर फळते, हा मात्र तत्त्वज्ञानाचा विषय आहे.

विषयवार शब्दाभ्यास ही पश्चिमेकडून आलेली गोष्ट आहे असे समजण्याचे कारण नाही. अमरसिंहाचे ‘नामलिंगानुशासन’, म्हणजेच अमरकोश, पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी मुखोद्गत केले, आणि त्याची पहिली दोन कांडे स्वर्गवर्ग, कालवर्ग, वारिवर्ग, वनौषधिवर्ग, मनुष्यवर्ग अशा वर्गांत, म्हणजे विषयांनुसार केलेल्या गटांत, विभागलेली आहेत. येथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते: वर्ग पाडणे हे निरुपद्रवी काम नसते. अमरकोशाचा आरंभ स्वर्गाच्या नावांनी होतो, त्यानंतर देव येतात आणि माणूस बऱ्याच उशिराने येतो. शेती आणि गाई-बैल यांचे शब्द वैश्यवर्गात, तर कुंभार आणि विणकर शूद्रवर्गात बसवलेले आहेत, त्यामुळे कोश पाठ करणारा मुलगा शब्दांबरोबर समाजाची एक उतरंडही पाठ करत होता. लंडनमध्ये 1852 साली प्रसिद्ध झालेल्या पीटर मार्क रोजे यांच्या थिसॉरसमध्ये क्रम नेमका उलटा आहे. त्यातील सहा विभागांपैकी पहिला ‘अस्तित्व’ या अमूर्त कल्पनेपासून सुरू होतो आणि धर्म हा भावनांच्या सहाव्या विभागाच्या अखेरीस येतो. हजारावे, म्हणजे शेवटचे शीर्षक मंदिराचे आहे. एकाने देवापासून आरंभ केला, दुसऱ्याने देवळापाशी शेवट केला. दोन्ही कोश प्रामाणिक आहेत, परंतु दोन्ही जगाविषयी आधीच काहीतरी ठरवून बसलेले आहेत, आणि हीच गोष्ट शिकवणी वर्गातल्या झेरॉक्स काढून वाटलेल्या यादीलाही लागू पडते.

शब्दाच्या ठिकाणी अर्थाचा बोध करून देणारे जे सामर्थ्य असते त्याला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, ‘शक्ती’ म्हणतात, आणि ते सामर्थ्य कळण्याला ‘शक्तिग्रह’ म्हणतात. सतराव्या शतकातील विश्वनाथ पंचाननाच्या ‘न्यायसिद्धांतमुक्तावली’त शक्तिग्रहाची जी आठ साधने सांगितली आहेत, त्यांत व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य म्हणजे विश्वासू माणसाचे सांगणे, व्यवहार, वाक्यशेष म्हणजे त्याच प्रकरणातील पुढचा मजकूर, आणि विवृती म्हणजे स्पष्टीकरण ही सात येतात, आठवे साधन आहे सिद्धपदसान्निध्य, म्हणजे ज्यांचा अर्थ आधीच ठाऊक आहे अशा पदांची जवळीक. त्याचे परंपरागत उदाहरण असे की, आंब्याच्या झाडावर ‘पिक’ गोड आवाजात गात आहे असे कोणी म्हटले, तर पिक हा शब्द पूर्वी कधीही न ऐकलेल्या माणसालाही आंबा, गोड आणि गाणे या ओळखीच्या पदांमुळे तो कोकिळ असल्याचे कळते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेण्यांतही या साधनाची प्रचीती येते: तेथील प्राकृत दानलेखांत येणारा ‘पोढि’ हा शब्द आजच्या वाचकाला अपरिचित असला, तरी शेजारचे ‘लेण’ हे पद त्याला आपल्या ‘लेणे’ या शब्दामुळे लगेच ओळखू येते, लेख पाण्याच्या टाक्यापाशी कोरलेला दिसतो, आणि पोढि म्हणजे खडकात खोदलेले टाके हे ध्यानी येण्यास फार वेळ लागत नाही.

विषयवार शब्दाभ्यासाचे सारे बळ या आठव्या साधनात आहे, कोशात नाही, असे येथे प्रतिपादन करायचे आहे. लुईस यांच्या पुस्तकातील खोटे बोलणाऱ्यांविषयीचे प्रकरण उदाहरणादाखल घेता येईल. तेथे नटोरिअस, कॉन्समेट, इन्करिजिबल, इन्व्हेटरेट, ग्लिब अशी विशेषणे एकापाठोपाठ येतात, आणि वहीत या सर्वांसमोर ‘खोटारडा’ हाच शब्द वेगवेगळ्या क्रियाविशेषणांसह लिहिला जातो. दिङ्नाग या बौद्ध तर्कशास्त्रज्ञाने अपोहाचा जो सिद्धांत मांडला, त्यानुसार शब्द वस्तूला थेट हात लावत नाही. तो इतरांना वगळून अर्थ दाखवतो, म्हणजे ‘गाय’ हा शब्द जे गाय नाही ते सर्व बाजूला सारतो. हा सिद्धांत सर्वांगाने पटो वा न पटो, जवळच्या अर्थाच्या शब्दांबाबत तो अचूक ठरतो, कारण तेथे शब्दाचे मोल शेजाऱ्यापासूनच्या त्याच्या वेगळेपणातच असते. आणि पाच शब्दांसमोर एकच प्रतिशब्द लिहिला की वगळण्यासारखे काही उरतच नाही, मग पाचही शब्द एकमेकांत मिसळून जातात.

वस्तुतः मराठीत हा वर्ग तयारच आहे, आणि चांगला भरलेला आहे. मुरलेला, अट्टल, सराईत, निर्ढावलेला, तरबेज, बनेल, बिलंदर ही विशेषणे मराठी माणूस कोठेही न शिकता वेगवेगळी वापरतो. सराईत म्हटल्यावर सवयीने आलेली सफाई दिसते, निर्ढावलेला म्हटल्यावर लाज गेल्याचे कळते, बिलंदर या शब्दात तर निषेधाबरोबर थोडे कौतुकही असते, आणि मुरलेला हा शब्द लोणच्याच्या बरणीतून आल्यासारखा काळाचा मुक्काम सांगतो. इन्व्हेटरेट या शब्दाच्या मूळ लॅटिन रूपातही जुने होण्याचीच कल्पना आहे. तो शब्द ‘मुरलेला’ या पदाशेजारी ठेवला की आयुष्यभर विसरला जात नाही. ‘सवयीचा खोटारडा’ या कृत्रिम शब्दजोडीशेजारी ठेवला, तर परीक्षा संपेपर्यंत टिकला तरी पुष्कळ.

मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांच्या अर्थनिर्णयाचे शास्त्र मांडणारे पंडित, मात्र यावर गंभीर आक्षेप घेतील. त्यांच्यापैकी प्रभाकराच्या मते पदाला वाक्याबाहेर अर्थ नसतो, पदे एकमेकांशी अन्वित, म्हणजे जोडलेली असतानाच अर्थ सांगतात. या मताला अन्विताभिधानवाद म्हणतात. कुमारिलाच्या मते पदे आपापला अर्थ आधी सांगतात आणि मग त्या अर्थांचा अन्वय होतो, तो अभिहितान्वयवाद. परंतु मूल भाषा शिकते ती वडीलधाऱ्यांच्या व्यवहारातून, हे दोघांनाही मान्य आहे: एक वडीलधारा दुसऱ्याला गाय आणायला सांगतो, नंतर गाय बांधायला आणि घोडा आणायला सांगतो, आणि पाहणारे मूल वाक्यातील एक पद निघून दुसरे आल्याने कृतीत काय बदलले हे टिपून प्रत्येक पदाची शक्ती ओळखते. पदे अशी काढण्या-घालण्याला आवाप-उद्वाप म्हणतात. उपनगरी लोकलमध्ये पुढील स्टेशनाची उद्घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत होते, सांगाडा तोच राहतो आणि केवळ स्टेशनाचे नाव बदलते. परप्रांतातून नुकताच आलेला माणूस ‘पुढील’ या शब्दाचा अर्थ अंधेरीपासून बोरिवलीपर्यंतच्या प्रवासात कोणत्याही यादीविना शिकतो. आवाप-उद्वापाचे याहून स्वच्छ उदाहरण शोधून सापडणे कठीण. यादीत हा व्यवहार नसतो, हा आक्षेप खराच आहे. पण इन्व्हेटरेट यासारख्या शब्दाचा व्यवहार मुलुंडच्या बाजारात घडत नाही, तो छापील पानावर घडतो, आणि पानावर व्यवहाराची जागा शेजारची पदेच घेतात. मीमांसकांचा आक्षेप त्यामुळे सान्निध्याच्या मताला खोडून काढत नाही, उलट ते सान्निध्य एकेकट्या पदाचे नको, वाक्यातले हवे, एवढी दुरुस्ती त्यात करतो. अमेरिकेतील पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या जीआरई परीक्षेतून सुटे विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसाम्याचे प्रश्न 2011 साली वगळून वाक्यातील रिकाम्या जागांवर भर देण्यात आला, हे या दुरुस्तीशी जुळणारे आहे, मात्र त्यानंतरही याद्यांची छपाई थांबलेली नाही.

याहून कठीण प्रश्न नीतीच्या शब्दांपाशी उभा राहतो. रिग्रेट, रिमोर्स, कंट्रिशन हे शब्द एका वर्गात येतात आणि तिघांसमोर ‘पश्चात्ताप’ लिहिले जाते. रिमोर्स या शब्दाच्या मुळाशी पुन्हा चावण्याची कल्पना आहे, आणि मराठीत नेमके तेच घडते, मन खाते. रिग्रेटला हळहळ आणि चुटपुट हे दोन शेजारी मिळतात, ज्यांपैकी चुटपुट इतकी लहान आणि नेमकी आहे की तिच्यासाठी इंग्रजीतच शब्द शोधावा लागेल. कंट्रिशनची गोष्ट निराळी आहे. कॅथलिक धर्मविचारात देवावरील प्रेमातून आलेला पश्चात्ताप तो कंट्रिशन आणि शिक्षेच्या भीतीने आलेला तो अ‍ॅट्रिशन, असा भेद केलेला आहे. गोराई, अंधेरी किंवा बोरिवली येथील ईस्ट इंडियन कुटुंबांना, ज्यांची घरची बोली मराठीचीच एक बोली आहे, हा शब्द कबुलीजबाबाच्या संस्कारातून, म्हणजे खऱ्या व्यवहारातून मिळालेला असतो. वारकरी आणि समर्थ संप्रदायांच्या भाषेत ‘अनुताप’ हा शब्द अशाच भेदासाठी उभा आहे, कारण अनुताप म्हणजे केवळ झाल्या गोष्टीचे वाईट वाटणे नव्हे, तर माणसाला ईश्वराकडे वळवणारी आतली पोळणूक. कीर्तन ऐकलेल्या विद्यार्थ्याला कंट्रिशन समजावून सांगण्यास अर्धे मिनिट पुरेल. उलट बाजूने हेच काम एका इंग्रजाने चार शतकांपूर्वी करून ठेवले आहे: फादर थॉमस स्टीफन्स यांचे 1616 साली गोव्यात राचोल येथे छापलेले ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत आहे, आणि ख्रिस्ती स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ हा शब्द वापरला, कारण नवा अर्थ श्रोत्यांच्या ओळखीच्या पदाशेजारीच बसू शकतो, हे त्यांना कळले होते.

मग शब्द वाढल्याने विवेकही वाढतो काय? अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्याला यास्काने ‘निरुक्ता’त भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे, आणि पश्चात्तापाचे तीन इंग्रजी शब्द तोंडपाठ करून त्यांतील भेद स्वतःच्या मनात कधी न पाहिलेला विद्यार्थी त्या खांबाहून फारसा वेगळा नाही. नवा शब्द नवे नीतिज्ञान देत नाही. असलेल्या ज्ञानाला तो एक नवे टोक काढून देतो. ज्या मनात अनुताप, खंत, चुटपुट आणि लाज यांचे वेगवेगळे कप्पे आहेत, तेथे ते टोक उपयोगी पडते. उपनगरांतील इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून आज असे मूल बाहेर पडते, ज्याच्या मराठीत या चारही भावनांसाठी ‘वाईट वाटणे’ एवढेच उरले आहे आणि काका, मामा, आत्या, मावशी यांच्या जागी अंकल आणि आंटी आले आहेत. त्याला इंग्रजीही तेवढीच पातळ येते, हा योगायोग नव्हे. शिवराज्याभिषेकानंतर रघुनाथ पंडितांनी रचलेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’तही दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे विषयवार दहा वर्ग आहेत आणि प्रत्येक फारसी शब्दाशेजारी संस्कृत शब्द ठेवलेला आहे. त्यातले पुष्कळ संस्कृत शब्द रुळले नाहीत आणि दफ्तर, हिशोब, अर्ज आजही मराठीतच आहेत. तरीही तो कोश ज्या राजकारभाऱ्यांसाठी होता, त्यांना दोन्ही रकान्यांतील वस्तू रोजच्या कामातून ठाऊक होत्या, ही त्याची खरी पुंजी होती.

तेव्हा घाटकोपर-मुलुंडच्या शिक्षकांनी वहीचा दुसरा रकाना रुंद करावा. इंग्रजी शब्दासमोर एक मराठी शब्द न लिहिता त्या भावनेचे किंवा वस्तूचे चार मराठी शब्द लिहावेत, जेथे घर गुजराती असेल तेथे चार गुजराती लिहावेत, चारांपैकी कोणता जुळतो हे विद्यार्थ्यालाच ठरवू द्यावे, आणि तिसऱ्या रकान्यात तो शब्द ज्या वाक्यात प्रथम भेटला ते वाक्य पूर्ण उतरवून घ्यावे.