थोडा वेळ काळोखात

बसा. पाठ भिंतीला टेकवा. हात मांडीवर सैल सोडा.

घाई नाही. एक ओळ वाचा, डोळे मिटा, मग पुढची वाचा.

एक श्वास आत. सावकाश बाहेर.

आता एक खोली नजरेसमोर येऊ द्या.

डोंबिवली. रामनगरातली चाळ. मंगलोरी कौलं, लांबलचक गॅलरी, लाकडी कठडा. साल 1971, डिसेंबरचा दुसरा आठवडा. दत्तजयंती होऊन गेली आहे. वद्य पक्ष चालू आहे, चंद्र उशिरा उगवणार आहे.

तीन तारखेला पाकिस्तानशी लढाई पेटली. तेव्हापासून रात्री ब्लॅकआऊट आहे.

तुम्ही तेव्हा किती वर्षांचे आहात? सात? बारा? कॉलेजात जाणारे? त्या वयाचे व्हा. त्या वयाचे तळवे, त्या वयाचे गुडघे आठवा. फरशीचा गारवा पायांना लागू द्या.

तुम्ही ठाण्याचे असाल, तर खिडकी मासुंदा तलावाच्या बाजूला उघडू दे. तलावपाळीवर एकही दिवा नाही. कल्याणचे असाल, तर टिळक चौकातला एखादा वाडा असू दे, दुर्गाडीकडून येणारा खाडीचा खारट वारा असू दे.

खोली कुठलीही चालेल. काळोख तोच आहे.

थांबा इथे.

खिडकीकडे बघा. काचांवर खाकी कागद चिकटवला आहे. दुपारी आईने पिठाची खळ शिजवली, तुम्ही ती बोटांनी फासली. नखाच्या कडेला थोडी राहिली आहे. वाळलीय. कातडी ओढल्यासारखी वाटते.

ते बोट अंगठ्याने चोळून बघा.

भोंगा होतो. वर चढतो, खाली येतो, पुन्हा वर चढतो.

"दिवा मालवा!" खालून कुणीतरी ओरडतं. एकेक खोली विझत जाते.

काही दिसत नाही. श्वास अडकतो का? अडकू दे. वाट बघा. तो आपणच सुटतो.

आता ऐका. आधी जवळचं.

आईच्या बांगड्या. ताटलीवर ठेवलेली ताटली. नुकत्याच विझवलेल्या स्टोव्हचा रॉकेलचा वास. वास ऐकायचा नसतो, पण काळोखात तोही ऐकू आल्यासारखा वाटतो.

आजी रामरक्षा म्हणते आहे. शब्द नीट कळत नाहीत, ओठांची हालचाल तेवढी कळते. धाकटं भावंड तुमच्या दंडाला चिकटलं आहे. त्याचा श्वास भरभर चालला आहे.

त्याच्या श्वासाबरोबर थोडा वेळ राहा.

आता थोडं लांबचं ऐका.

भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंचा खोकला. गॅलरीत चपलांचा आवाज. कुणीतरी चाचपडत माळ्याचा जिना चढतं आहे, पायऱ्या मोजत. कुणीतरी अंधारातच विचारतं, "आले का हो तुमचे?" आणि आई म्हणते, "नाही अजून."

आणखी लांबचं ऐका.

गाडी.

ठाण्याला गाडी 1853 साली आली, कल्याणला 1854 साली. तेव्हापासून या पट्ट्यातली मुलं गाडीच्या आवाजात निजतात आणि गाडीच्या आवाजात उठतात. आवाजावरून तुम्हाला कळतं, ही जलद आहे, न थांबता पुढे गेली. ही मालगाडी, कल्याणकडून येते आहे. आणि ही धिमी. ही थांबली.

बाबा त्या गाडीत आहेत. तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर, किंवा दारात उभे. डब्यातले दिवे मंद केलेले आहेत. ते ऑफिसातून निघाले आहेत, एवढंच घराला ठाऊक आहे. घरी फोन नाही. चाळीतही नाही.

वाट बघणं म्हणजे काय, ते या खोलीला पुरतं माहीत आहे.

तुम्हीही बघा. काही करू नका. नुसती वाट बघा.

पावलं. जिना. ओळखीचा खाकरण्याचा आवाज.

कुणी काही बोलत नाही. आई पाण्याचा तांब्या पुढे करते. काळोखात तांब्याला दोन हात लागतात, एक तिचा, एक त्यांचा.

इथे थांबा. हवं तितकं थांबा.

एक श्वास आत. सावकाश बाहेर.

आता रेडिओ. डायलच्या दिव्यावर जाड टॉवेल टाकलेला आहे. सेट तापायला वेळ लागतो. आधी खरखर, मग माणसाचा आवाज. आकाशवाणीच्या बातम्या. शेजारचे दोघे-तिघे दारात येऊन टेकले आहेत. मुंबईत दूरदर्शन सुरू व्हायला अजून दहा महिने आहेत. लढाई दिसत नाही, ऐकू येते. ढाक्याचं नाव पुन्हापुन्हा येतं.

चेहरे दिसत नाहीत. तरी कोण कुठे बसलं आहे, हे तुम्हाला नेमकं सांगता येतं. सांगून बघा. मनातल्या मनात, एकेकाचं नाव घेऊन.

सगळ्यांत थोरल्यांना 1965 चा सप्टेंबर आठवतो आहे. तेव्हाच्या लढाईतही असेच कागद होते. पंतप्रधान शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं होतं, आणि रेशनच्या तांदळावर वाढणाऱ्या मुलांनीही ते मुकाट्याने सोडलं होतं.

ती भूक आठवते का? तिला गोड करू नका. ती होती तशी आठवा.

भीतीही होती तशीच आठवा.

आता हळूच उठा. दार उघडा. गॅलरीत या.

कठडा थंडगार आहे. त्यावर हात ठेवा. स्टेशनाकडचा रस्ता नाही, दुकानं नाहीत, समोरची चाळ नाही. सगळं काळोखाने झाकलं आहे.

वर बघा.

पूर्वेला मृग नक्षत्र चढलं आहे. मधले तीन तारे एका ओळीत. एवढं आभाळ आपल्या डोक्यावर होतं, हे डोंबिवलीला आज कळतं आहे.

गॅलरीभर माणसं उभी आहेत. कुणी बोललं तर हळू बोलतं. कुणाचा तरी हात तुमच्या खांद्यावर येतो.

तो कुणाचा आहे?

नाव लगेच आठवलं नाही तरी चालेल. हाताचं वजन आठवा. त्या वजनाखाली थोडा वेळ उभे राहा.

भोंगा पुन्हा होतो. या वेळी एकसुरी, सरळ, लांब. संकट टळलं. एकेक खोली उजळत जाते. लोक डोळे चोळतात, उगाचच हसतात, आपापल्या घरात शिरतात.

सोळा तारखेला ढाक्याला शरणागती झाली. ब्लॅकआऊट उठला. आठवडाभराने खिडक्यांवरचे कागद ओल्या फडक्याने खरवडले गेले. खळीचे डाग काचांवर बरेच महिने राहिले.

आता परत या. श्वास जरा खोल घ्या. बोटं हलवा. डोळे उघडा.

त्या गॅलरीतली काही माणसं आज नाहीत. काही आहेत. कुणी बदलापूरला असेल, कुणी पुण्याला, कुणी तुमच्याच इमारतीत, दोन मजले वर.

आज रात्री जेवणं झाली की घरातला दिवा दहा मिनिटं मालवा. नातवंडांना शेजारी बसवा. गोष्ट सांगायची घाई करू नका. आधी त्यांना ऐकू द्या, जवळचं, मग लांबचं.

आणि उद्या सकाळी त्या गॅलरीतल्या एकाला तरी फोन करा. "तो ब्लॅकआऊट आठवतो का रे?" एवढंच विचारा. पुढचं तो सांगेल. तुम्ही ऐका.