हौसेचा तंबू आणि गरजेची कोपी



शाळांना सुट्टी लागली की आपल्यापैकी बरेच जण मामाच्या गावाला, लग्नकार्याला किंवा फार तर वेलांकणीला जातात. यंदा मात्र आपल्यातील चार कुटुंबांनी वेगळाच बेत आखला आहे. दोन बोलेरो भाड्याने घ्यायच्या, तंबू, स्टोव्ह आणि पीठ-तांदूळ सोबत बांधायचे, कन्नडचा घाट उतरून धुळे-इंदूरमार्गे राजस्थान गाठायचे, जैसलमेरजवळ मरू राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला मुक्काम करायचा आणि मग उत्तरेला वळून शिमला, किन्नौरवरून स्पितीच्या थंड वाळवंटात, पिन व्हॅली राष्ट्रीय उद्यानापर्यंत चढायचे. हॉटेल शक्यतो नाहीच. जिथे परवानगी असेल तिथे तंबू ठोकायचा.

मिस्सेनंतर चर्चच्या अंगणात या बेतावर बरेच बोलणे झाले. कोणी खर्चाचे विचारले, कोणी मे महिन्यातील उन्हाचे. ते रास्तच होते, कारण त्याच भागातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले होते. म्हणून वाळवंटातील दोन रात्रींची एकच रात्र झाली, आणि तीही दिवस मावळल्यावर पोहोचून. पण एका आजींनी विचारलेल्या प्रश्नाने सगळेच गप्प झाले. त्या म्हणाल्या, "लेकरांनो, आम्ही जलमभर पालात राहून ऊस तोडला, तो कशापायी? तुम्ही घरात निजावं म्हणून. अन् आता तुम्ही पैशे देऊन पालात निजायला चाललात व्हय?"

या प्रश्नाला हसून उत्तर देता आले असते, आणि काहींनी दिलेही. तरी तो इतका साधा नाही. आपण त्यावर थोडा विचार करू या.

आपल्या जिल्ह्यात कोपी म्हणजे काय हे कोणाला सांगायला नको. दिवाळी झाली की मुकादमाकडून घेतलेल्या उचलीपायी टोळ्या ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. कारखान्याच्या आसपास मोकळ्या रानात बांबू, चटया आणि प्लॅस्टिकच्या कागदाची कोपी उभी राहते आणि पट्टा पडेपर्यंत पाच-सहा महिने तेच घर. पहाटेच्या अंधारात फडात जायचे, रात्री-अपरात्री गाडी भरायला उठायचे. न्हाणीला आडोसा नाही, पाणी लांबून आणायचे, मुलांची शाळा सुटते ती बहुधा कायमची. आपल्या धर्मग्रामात असे घर शोधावे लागत नाही. ज्यांच्या आईवडिलांनी वा आजीआजोबांनी कोयता हातात धरला नाही, अशीच घरे मोजकी निघतील.

मग हौसेचा तंबू आणि गरजेची कोपी यांत फरक कोणता? कापडाचा, भाड्याचा, आतल्या गादीचा फरक आम्हाला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. रात्री वादळ आले, मूल आजारी पडले, तर हौशी माणूस तंबू गुंडाळून गाडीत बसतो आणि घरी येतो. उचल घेतलेल्या माणसाला ती मोकळीक नसते. परत जाण्याची वाट ज्याला खुली आहे त्याच्यासाठी उघड्यावर झोपणे हा आनंद असतो. ज्याची वाट बंद झाली आहे, त्याच्यासाठी तेच आकाश आणि तीच जमीन वेगळी होते.

येथे आपल्या जालन्याला विसरता येणार नाही असा एक दिवस आठवतो. ८ मे २०२० च्या पहाटे, टाळेबंदीच्या काळात, येथील स्टीलच्या कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातील मजूर रेल्वे रुळाने चालत निघाले होते. भुसावळहून गाडी मिळेल या आशेने त्यांनी रात्रभर चाल केली आणि थकून करमाडजवळ रुळांवरच अंग टाकले. मालगाडीने १६ जणांचा जीव घेतला. रुळांवर विखुरलेल्या भाकरींचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले. त्यांनाही घरीच जायचे होते. आपल्या दोन गाड्या जालन्याहून निघतील, तेव्हा पहिल्या तासाभरात त्याच बदनापूर-करमाडच्या पट्ट्यातून जातील.

हे ऐकून काही जण म्हणतात, मग जाऊच नका. तो पैसा गरिबांना द्या. हा युक्तिवाद जुना आहे. बेथानीत मरीयेने मोलाचे सुगंधी तेल प्रभूच्या चरणांवर ओतले, तेव्हा ते विकून गोरगरिबांना का दिले नाही, असे यहूदाने विचारले होते. (यहूदाने विचारला म्हणून प्रश्नच वाईट ठरत नाही, हेही खरे. विचारणाऱ्याच्या हाती पैशाची थैली होती, एवढे लक्षात ठेवावे.) पण आम्हाला हा सल्ला पटत नाही. चार कुटुंबे घरी बसल्याने एकाही कोयत्याची उचल फिटणार नाही. शिवाय त्यात आणखी एक काटा आहे. पुण्या-मुंबईची मुले हिमालयात गेली तर त्याला ट्रेकिंग म्हणतात आणि ऊसतोड्याचा नातू गेला तर ती उधळपट्टी कशी होते? डोंगर, वाळू, रात्रीचे तारे परमेश्वराने सर्वांसाठी निर्माण केले. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या वाट्याला फक्त पाठीवरची मोळी आली, त्यांच्या लेकरांनी आनंद करतानाही मान खाली घालावी, असे म्हणणे हा त्याच जुन्या अन्यायाचा नवा हप्ता झाला.

उलट बाजूचे उत्तरही आम्हाला पुरेसे वाटत नाही. "आमचा पैसा, आमची सुट्टी, आजीच्या काळाचा आता काय संबंध?" असे म्हणून मोकळे होता येते. पण संबंध आहे. पवित्र शास्त्रात तो फार सुंदर रीतीने जपलेला आहे. इस्राएल लोक अरण्यातून बाहेर पडले, त्यांना घरेदारे मिळाली, मळे मिळाले. तरी त्यांना मांडवांचा सण पाळायची आज्ञा होती. वर्षातून सात दिवस चांगले घर सोडून डहाळ्यांच्या मांडवात राहायचे, ते कशासाठी, तर आपले पूर्वज कसे राहिले हे पुढच्या पिढ्यांना कळावे म्हणून. म्हणजे ज्यांच्याकडे घर आहे त्यांनी आनंदाने, मुलाबाळांसह, काही दिवस मांडवात राहणे यात गैर तर नाहीच, तो सणच आहे. मात्र त्या सणात आठवण होती. आठवण काढून टाकली की उरते ती नुसती सहल. आजींचा प्रश्न आम्ही असा समजतो की, तुम्ही पालात झोपालच, पण आमचे पाल तुम्हाला आठवेल का? निघण्याआधी एका संध्याकाळी मुलांनी त्यांच्याजवळ बसून कोपी कशी बांधतात ते शिकून घ्यावे, असे आम्ही सुचवले आहे. तंबूचे खुंटे ठोकतानाही ते ज्ञान कामी येईल.

आठवण केवळ आपल्या माणसांची ठेवूनही भागत नाही. वाटेवर दुसरी माणसे आहेत. हिमालयातील ज्या रस्त्यांवरून आपल्या गाड्या चढतात ते रस्ते दरवर्षी बर्फ आणि दरडींनी मोडतात. ते दुरुस्त करणाऱ्यांत झारखंडमधील, विशेषतः दुमका भागातील मजूर फार मोठ्या संख्येने असतात. सीमा सडक संघटनेच्या कामांवर उन्हाळ्याचे चार-पाच महिने ते रस्त्याकडेच्या तंबूंत राहतात, डांबराच्या धुरात, विरळ हवेत. मे २०२० च्या अखेरीस लेहकडे अडकलेल्या अशा ६० मजुरांना झारखंड सरकारने विमानाने रांचीला आणले, तेव्हा देशाला त्यांचे अस्तित्व कळले. डोंगरातले कोयतेच ते. आपला तंबू आणि त्यांचा तंबू एकाच वळणावर असेल. जालन्याच्या माणसाला तरी त्यांतला फरक काचेआडून न सांगता कळला पाहिजे.

पाण्याचेही तसेच. जैसलमेरला वर्षभरात दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. आपल्याकडे त्याच्या तिपटीहून अधिक पडतो, तरी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे आपल्याला चुकत नाही. तिथल्या लोकांनी अंगणात टांके बांधून पावसाचा थेंब थेंब साठवायची रीत पिढ्यान् पिढ्या सांभाळली. शिमल्यात मे २०१८ च्या अखेरीस नळ इतके कोरडे पडले की रहिवाशांनीच पर्यटकांना येऊ नका म्हणून विनवले. टँकरमागे घागर घेऊन धावलेल्या माणसाने दुसऱ्याच्या दुष्काळी गावात जाऊन, पैसे मोजले आहेत म्हणून बादलीवर बादली अंगावर घ्यावी का? हॉटेलवाला पैसे घेतो हे खरे, पण हॉटेलवाल्याचा आणि गावाचा आड नेहमीच एक नसतो.

शेकोटीचा हट्ट मुलांनी सोडला, तो मात्र ऐकून आनंद झाला. जोधपूरजवळच्या खेजडली गावात १७३० साली अमृता देवी आणि तिच्यामागून एकूण ३६३ बिष्णोई स्त्री-पुरुषांनी खेजडीची झाडे वाचवण्यासाठी प्राण दिले. त्या मुलुखात मजेखातर लाकूड जाळणे शोभणारे नाही, आणि स्पितीत तर जाळायला झाडेच जवळजवळ नाहीत. म्हणून स्टोव्ह. मरू उद्यानात गाडी ठरलेल्या वाटेवरूनच न्यायची, हेही त्यांनी मान्य केले. माळढोक उघड्या जमिनीवर एकच अंडे घालतो. आपल्या सोलापूरकडचे नान्नज त्याच्यासाठी राखले, तिथेही तो आता जवळपास दिसेनासा झाला आहे. त्याचे घर म्हणजे छप्पर नसलेली जमीनच.

एक गोष्ट अजून ठरायची आहे. दोन्ही गाड्यांचे चालक भाड्याबरोबर येणार. अशा प्रवासात चालकाने सीटवरच पाय आखडून झोपायचे, असा सगळीकडचा रिवाज आहे, आणि गाडी राखायला कोणीतरी हवे, हे कारण सोयीचे असते. चार कुटुंबांच्या यादीत तंबू चारच आहेत. पेत्राला डोंगरावर प्रभूचे रूपांतर पाहून इतका आनंद झाला की त्याने तीन मंडप उभारतो म्हटले. त्या हिशोबात स्वतःसाठी आणि सोबत्यांसाठी एकही नव्हता, हे आमच्या एका सिस्टरांनी लक्षात आणून दिले. पाचवा तंबू घ्यायचा तर प्रत्येक कुटुंबाची वर्गणी थोडी वाढते, आणि टपावर जागाही उरलेली नाही. यावर येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर बसायचे ठरले आहे. गाड्या त्यानंतरच्या सोमवारी पहाटे चार वाजता चर्चच्या फाटकापासून निघतील.